काचेमागचा घाणेरडा रस्ता

आमचं फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेली माणसं, पोरांची सर्टिफिकेटं, जे येईल ते काचेआड बसवून द्यायचं. पट्ट्या नवरा कापतो, कोपरे तोच जोडतो, गिऱ्हाइकाशी तोच बोलतो. काच पुसायची, चित्राभोवती माउंटचा पुठ्ठा बसवायचा आणि मागून कागदी टेप लावून सगळं बंद करायचं, हे माझं काम. मी पडद्यामागे बसते. अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. चौथीनंतर शाळा बंद झाली तेव्हा घरातल्यांना वाईट वाटलं होतं. मला हायसं वाटलं. आता फळ्यासमोर उभं राहून कविता म्हणावी लागणार नव्हती. लिहायला मात्र आवडतं. लिहिताना समोर कोणी नसतं.

सासऱ्यांनी दुकानात एक रीत घालून दिली आहे. काच बंद करण्याआधी आतल्या चेहऱ्याला हात जोडायचे. देव असो, वारलेली म्हातारी असो, नाहीतर पदवीची टोपी घातलेला मुलगा. सासरे म्हणायचे, "एकदा काच बसली की ते माणूस आपल्याला काही सांगू शकत नाही. आधीच हात जोडून मोकळं व्हावं." हे मी इतकी वर्षं करत आले की हात आपोआप वर जातात. त्या परदेशी चित्रांना मात्र गेले नाहीत.

ती चित्रं आमच्या वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या एका काकांनी आणली होती. जाहिरातींसाठी चित्रं काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पांढरी दाढी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं गोड. चित्रं लंडनची होती, अडीचशे वर्षांपूर्वीच्या रस्त्यांची. मूळ नव्हेत, चांगल्या जाड कागदावर काढलेल्या प्रती.

पहिलंच चित्र पाहिलं आणि उघडलेला जेवणाचा डबा मी परत बंद केला. एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच घरं. वरच्या खिडकीतून एक बाई रात्रीचं भांडं खाली ओततेय आणि ते खाली चाललेल्या एका साहेबाच्या पांढऱ्या केसांच्या टोपावर पडतंय. शेजारी दोन मासळीवाल्या एकमेकींच्या झिंज्या धरून भांडतायत, एकीची चोळी फाटलीय. एक न्हावी माणसाच्या छातीवर गुडघा रोवून त्याचा दात उपटतोय. आंधळा सारंगी वाजवतोय आणि त्याच्या टोपीतले पैसे एकजण काढून घेतोय. कुत्रं पावाच्या टोपलीवर तंगडी वर करून उभं आहे. मधोमध एक जाडी बाई घसरून पडलीय, तिचे घागरे वर गेलेत, आणि सगळी गल्ली दात काढून तिच्याकडे बघतेय.

सगळ्यात जास्त किळस मला त्या दातांची आली. चित्रकाराने एकेक दात काढला होता. कुजलेला, पडका, पिवळा. एवढं लक्ष देऊन कोणी दुसऱ्याच्या तोंडात कसं बघतं?

काका काउंटरवर रेलून नवऱ्याला समजावत होते. "मालक, ही हसायची चित्रं आहेत. छापून झाली की दुकानाच्या खिडकीत टांगायचे. रस्त्यावरची माणसं गर्दी करून बघायची."

नवऱ्याने विचारलं, "आणि विकत कोण घ्यायचं?"

"ज्यांच्या घरी भिंती होत्या, ते."

नवरा हसला. मी पडद्यामागे काच पुसत राहिले. काच पुसताना आतलं चित्र बघावंच लागतं, कुठे धूळ अडकली, कुठे केस राहिला ते पाहायला. ती गल्ली माझ्या डोळ्यांसमोर इतक्या जवळून इतका वेळ राहिली की संध्याकाळी घरी भांडी घासताना त्या बाईच्या हातातलं भांडं आठवून मी तेच पातेलं दोनदा घासलं.

एक खरं सांगायला हवं. चित्रातली घाण खोटी नव्हती. आमच्या दुकानाच्या मागे एक इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यांवरून आमच्या पत्र्यावर काय काय येऊन पडतं ते मी रोज ऐकते. आंब्याच्या कोयी, केसांचे गुंते, पिशवीत बांधलेलं उरलेलं कालवण. एकदा बाळाचं डायपर पडलं, फुटलं, आणि दुपारच्या उन्हात तो वास दुकानात भरून राहिला. नवरा काठीने ते ओढत होता तेव्हा मी वर पाहिलं. खिडकी बंद होताना फक्त एक हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. लंडनच्या त्या बाईला निदान तोंड तरी होतं. आमच्याकडे टाकणाऱ्याला तोंड नसतं. तीच माणसं खाली आली की नाकाला रुमाल लावून म्हणतात, "काय घाण करून ठेवलीय या लोकांनी."

काकांना फ्रेम आवडल्या. थोड्या दिवसांनी ते परत आले आणि म्हणाले, "आता आपल्या रस्त्याची करतोय. तशीच. आपल्या गेटसमोर काय कमी तमाशा आहे?" त्यांच्या सोसायटीचा वर्धापनदिन होता. हॉलमध्ये त्यांची चित्रं लागणार होती आणि त्याच संध्याकाळी सभासदांची सभा होती. गेटसमोरच्या विक्रेत्यांना राहू द्यायचं की उठवायचं, तो विषय सभेत येणार होता.

तो विषय मला आधीच माहीत होता, कारण माझी मोठी बहीण त्या गेटसमोर बसते.

ताई जवळच्याच निर्मळ गावची. म्हणजे आम्ही दोघी निर्मळच्या, पण तिचं सासरही तिथलंच, म्हणून ती अजून निर्मळची आहे. वाडीतला मोगरा, सोनचाफा, दुर्वा, बेल, केळीची पानं, अळू घेऊन ती सकाळी येते. ओवलेले हार ओल्या फडक्यात गुंडाळलेले असतात. तिथे ती बसायला लागली तेव्हा ते गेटही नव्हतं. ती माझ्यासारखी नाही. आवाज मोठा, अंग मोठं, हसणं त्याहून मोठं. आम्ही आपसांत घरची बोली बोलतो, ती मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून इथे शाळेच्या मराठीत लिहिते.

गिऱ्हाइकांना ती सोडत नाही. "मॅडम, दुर्वा मोजू नका. गणपती मोजत नाही." नाहीतर, "फ्रीजमध्ये मच्छीशेजारी ठेवलात ना मोगरा? मग काळा पडला म्हणून माझ्याशी का भांडता, मच्छीशी भांडा." बायका हसतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. तिला सगळी सोसायटी मावशी म्हणते. ती जागा गेली तर तिला दुसरी जागा नाही. बाजारात ज्या बायका बसतात त्यांच्या जागा सासूकडून सुनेला आलेल्या आहेत, तिथे नवीन टोपलीला कोणी टेकू देत नाही.

काकांनी आपली चित्रं आणली तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं. ते गठ्ठा ठेवून गेले. मी पडद्यामागे एकेक उघडून पाहिलं. हात चांगला होता, मी नाकारत नाही. रिक्षावाले तंबाखू मळत भांडतायत. पाणीपुरीवाला एका हाताने काख खाजवतोय, दुसरा हात कोपरापर्यंत मडक्यात. कुत्र्याच्या घाणीत एका पोरीची उंच टाचेची चप्पल रुतलीय. लंडनसारखेच दात, एकेक मोजून काढलेले.

शेवटच्या चित्रात गेट होतं. डावीकडे खाली, अगदी कडेला, ताई.

गाल फुगलेले, दंड पोत्यासारखे. एका हातात नोट कपाळाशी धरलेली, ओठांचा चंबू, आणि त्या चंबूतून थुंकीचे थेंब उडून समोरच्या हारांवर पडतायत. हारांवर माश्या. आणि वर एक चष्मेवाली बाई, हातात पूजेचं तबक, दुसरा हात पुढे करून तोच हार मागतेय.

मला आधी कळलंच नाही की हे काय आहे. मग कळलं. दिवसाची पहिली विक्री, तिला आम्ही भवानी म्हणतो. भवानी झाली की ताई ती नोट डोळ्यांना लावते, टोपलीवरून ओवाळते आणि तोंड बाजूला वळवून थू थू करते. नजर काढायची असते धंद्याची. नुसते ओठ हलतात, थुंकी नसते, आवाजही जेमतेम. आमची आईही वाडीत पहिलं फूल खुडलं की असंच करायची. आता निम्मे दिवस भवानी मोबाईलवर होते, तेव्हा ताई पैसे आल्याचं बोलणारा तो छोटा डबाच उचलून डोळ्यांना लावते आणि त्याच्यावरून हात ओवाळते. काकांची गॅलरी गेटच्या वर आहे. तिथून त्यांना जे दिसलं ते त्यांनी काढलं. तोंड बाजूला होतं, ते त्यांनी हारांकडे वळवलं, एवढंच.

मी नवऱ्याला आत बोलावलं.

"ही ताई आहे."

"कुठे?"

"ही."

त्याने वाकून पाहिलं. "नाक तिचंच आहे," म्हणाला आणि हसला. मग माझ्याकडे बघून त्या हसण्याचा खोकला केला.

"हे त्या हॉलमध्ये लागणार," मी म्हटलं.

"आपण काच लावतो. आत काय आहे ते ज्याचं त्याने बघावं."

"सभा त्याच दिवशी आहे."

तो परत पट्ट्या कापायला गेला. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मात्र त्यानेच विषय काढला. तो माझ्यासाठी असं करतो, आधी नाही म्हणतो आणि मग करतो.

"काका, ही फुलवाली आमच्या घरातली आहे."

"अरे वा. सांगा तिला, चित्रात आलीस म्हणावं."

"ती थुंकत नाही. ती नजर काढते."

"लांबून जे दिसतं ते मी काढलं. अहो, गंमत आहे. गंमतीत साक्षीपुरावे नसतात. आणि ती कोणी एक बाई नाही, मालक. फुलवाली म्हणजे अशी कुठलीही एक."

"साडी तिचीच आहे," मी पडद्यामागून म्हणाले. पण तोंडातल्या तोंडात. कोणाला ऐकू गेलं नाही.

काका पुढे बोलत होते, की चित्रकाराला जगाबद्दल फार प्रेम असावं लागतं, त्याशिवाय त्याची अशी थट्टा करता येत नाही. त्यांचा आवाज प्रेमळ होता. तो प्रेमळपणा मला त्या थुंकीपेक्षा जास्त ओशट वाटला. अंगावर कोणी तेलकट हात पुसावा तसं झालं.

दुपारी मी रिक्षाने गेटसमोर गेले. ताई टोपल्या आवरत होती.

"तू? दुकान सोडून? कोण मेलं?"

"कोणी नाही. त्या दाढीवाल्या काकांनी तुझं चित्र काढलंय."

"माहितीय. वर उभे राहून काढत होते. मी पदर नीट केला." ती हसली. "कशी दिसते?"

"जाडी."

"मग काय शेवग्याची शेंग काढणार? दात काढले का सगळे? एक पडलाय तो भरून द्यायला सांग."

"ताई, तू थुंकतेयस त्यात."

"मी पान खात नाही, त्याला माहीत नाही का?"

"भवानी करताना. हारांवर थुंकी पडतेय असं काढलंय."

ती केळीची पानं बांधत होती, ती बांधायची थांबली. "हारांवर?"

"हो."

"देवाला जातात त्या हारांवर?"

मी मान हलवली. ती खाली बसली. एक दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून गेला तरी तिने शिवी दिली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

"मला जाडी काढ," ती म्हणाली, जणू काका समोर होते. "काळी काढ, बोळकी काढ, माकडीण काढ, मी पण हसेन. पण हारावर थुंकलेली बाई एकदा त्यांच्या डोक्यात बसली ना, की मग माझं फूल कोणाच्या देवघरात जाणार नाही. सभेत उठवायचीही गरज नाही मग. मी बसेन आणि फुलं सुकतील."

मी म्हटलं, "त्यांना जाऊन सांग."

"काय सांगू? मी थुंकत नाही? जी बाई असं सांगत फिरते ती थुंकतेच, असं म्हणतील." हे तिने अगदी शांतपणे म्हटलं. मग पानांची गाठ ओढून बांधली आणि मला म्हणाली, "जा तू. ऊन झालंय. तोंड केवढंसं झालंय बघ."

माउंट म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये बसवायचा पुठ्ठा. त्याला मधे खिडकी कापतात, त्या खिडकीतून चित्र दिसतं. तिन्ही बाजूंना पुठ्ठ्याची पट्टी सारखी ठेवायची आणि खालची जरा रुंद, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. हेही सासऱ्यांचंच शिकवणं. बाकीची चित्रं बंद झाली. गेटचं चित्र मी सगळ्यात शेवटी टेबलावर घेतलं.

नवऱ्याने पट्टी आणि कटर हातात घेऊन विचारलं, "खालून किती ठेवू?"

मी बोट ठेवलं. ताई बसलेली होती, त्यामुळे तिचं डोकंही चित्राच्या खालच्या भागातच होतं. माझं बोट तिच्या डोक्याच्या वर होतं.

तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. "उजवीकडे त्यांची सही आहे. तीही जाते."

"जाऊ दे."

"खाली एवढी रुंद पट्टी कोण ठेवतं?"

मी बोट हलवलं नाही. त्याने कापलं.

माउंट ठेवण्याआधी माझे हात आपसूक जोडले गेले. बाकीच्या चित्रांना जोडले नव्हते. जिवंत बहिणीला, तेही अशा रूपाला हात जोडताना अंगावर काटा आला. मग पुठ्ठा तिच्यावर ठेवला, काच ठेवली, फ्रेम उलटी करून खिळे मारले आणि टेप लावून दाबून बसवली.

काका संध्याकाळी आले, घाईत होते. हॉलवर माणसं थांबली होती, टेम्पो बाहेर उभा होता. त्यांनी एकेक फ्रेम उचलून पाहिली, आणि शेवटची पाहून म्हणाले, "हे काय? माझी सही कुठे गेली?"

नवरा म्हणाला, "माउंट थोडा मोठा झाला, काका."

"थोडा? अहो, फुलवाली पण गेली सगळी. उघडा हे."

"उघडलं तर नवीन माउंट कापावा लागेल. आज व्हायचं नाही."

"मालक, ही चेष्टा आहे का?"

नवऱ्याने कटरकडे पाहिलं. मला दिसत होतं की तो आता उघडेल. मी पडदा बाजूला करून बाहेर आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथे काम करते हे त्यांना माहीत होतं, पण मला उभं असलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"मी झाकलं," मी म्हणाले. "ती माझी बहीण आहे. ती थुंकत नाही. सही दिसली तर तीही दिसेल."

एवढंच बोलले. ते रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, चित्राकडे बघत होते. त्यांनी फ्रेम लांब धरली, डोळे बारीक केले, पुन्हा जवळ आणली.

ताई झाकली गेल्यावर वरची चष्मेवाली बाई तशीच राहिली होती. एका हातात तबक आणि दुसरा हात पुढे पसरलेला. कोणापुढे, ते दिसत नव्हतं. गेटपाशी उभी राहून ती भीक मागतेय असं वाटत होतं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी फक्त ताई झाकत होते.

"अरे," काका हळूच म्हणाले. "हे तर फारच वरचं झालं." आणि हसायला लागले. "वहिनी, तुम्हाला डोळा आहे हं. फ्लॅटवालीच मागतेय. कमाल."

त्यांनी काच परत काढायला लावली नाही. म्हणाले, परदेशात कलाकार माउंटवरच सही करतात, पण काचेवरून कशी करणार? मग मार्कर मागून घेतला आणि काचेवरच कोपऱ्यात ऐटीत सही केली. बहीण, थुंकी, भवानी, मी काय बोलले ते, त्यातलं त्यांच्या कानात काही राहिलं असेल असं मला वाटत नाही. चित्र सुधारलं म्हणून ताई वाचली. तिच्यावर दया येऊन ते थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. आता मला फक्त हात धुवावेसे वाटले, आणि मी मागे जाऊन धुतले.

चित्रं टांगायला नवऱ्याला हॉलवर जावं लागलं. हूक धरायला मीही गेले आणि मग भिंतीशी उभी राहिले. रोषणाई होती, गाणी होती, बायका नटून आल्या होत्या. एका कोपऱ्यात पाणीपुरीचा स्टॉल लावला होता. गेटबाहेरचाच माणूस त्यांनी त्या दिवसापुरता आत बोलावला होता, डोक्यावर कागदी टोपी आणि हातात प्लॅस्टिकचे मोजे घालून. त्याच्या समोरच्याच भिंतीवर त्याचं चित्र होतं, काख खाजवतानाचं. लोक पुरी तोंडात कोंबून चित्राकडे बोट दाखवत होते आणि भरल्या तोंडाने हसत होते. हिरवं पाणी एकाच्या हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होतं. कोणीतरी ओरडलं, "भैया, देखो, तुम्हारा फोटो." त्याने मान वर करून पाहिलं. पाहिलं आणि हसला. "हाँ साहब, अच्छा बनाया है," म्हणाला आणि पुढची पुरी फोडली. ते हसणं मला माहीत होतं. गिऱ्हाइकासमोर दुसरं काय करणार? त्याचं चित्रही मीच बंद केलं होतं, काच चकचकीत पुसून, कुठे एक केससुद्धा राहू न देता.

गेटच्या चित्रासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. "ही कोण आपली हात पसरून उभी?" "कमिटीतली असणार, मेंटेनन्स मागतेय." जोरात हसले. काका मधे उभे राहून सांगत होते, "तेच तर सुचवायचंय. खरा मागणारा कोण? मी मुद्दाम खाली मोकळी जागा सोडली." माणसं माना डोलवत होती. एका बाईने विचारलं, सुचलं कसं? काका म्हणाले, "आतून येतं."

सभेत ठरलं की हातगाड्या आणि खाण्याचे ठेले गेटसमोर नकोत, लोकांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. फुलवाल्या आणि भाजीवाल्या बायका सकाळच्या वेळी बसल्या तर हरकत नाही, पूजेला फुलं लागतातच. पाणीपुरीवाला तोवर मोजे काढून कोपऱ्यात उभा होता. त्याला मराठी किती कळलं कोणास ठाऊक. गेटचं चित्र कमिटीच्याच एका बाईंनी विकत घेतलं. त्यांच्या घरात हॉलमध्ये लावलंय म्हणे, सोफ्याच्या वर.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. गिऱ्हाइकांची गर्दी होती, ती ओसरेपर्यंत बाजूला बसले.

"बसू देतायत," ती म्हणाली. "चित्रं झाली म्हणे मोठी. मला एकजण म्हणाली, मावशी, तुम्हाला घेतलं नाही वाटतं. मी म्हटलं, मी मावत नसेन." हसली. मग आवाज खाली आणून विचारलं, "काय केलंस?"

"पुठ्ठ्याखाली झाकली."

"खोडली नाहीस?"

"दुसऱ्याचं चित्र. खोडायचं कसं?"

"म्हणजे अजून आहे मी आत. थुंकत."

तेवढ्यात त्या कमिटीच्या बाई आल्या. रोज येतात. ताईकडून हार घेतला, वास घेतला, म्हणाल्या, "मावशी, आजचा मोगरा छान आहे हं." ताईने त्यांना दोन सोनचाफे वरून दिले. त्या गेटमधून आत जाईपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

"ते चित्र यांनीच घेतलं म्हणतात ना? यांच्याच घरी?" ताईने विचारलं.

"हो."

"किती दिवस राहील गं ते बंद?"

आमच्या हवेत कागदी टेप फार टिकत नाही. पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो, पुठ्ठ्याला बुरशी येते, आणि काळे ठिपके दिसायला लागले की माणसं फ्रेम बदलायला काढतात. आमच्याकडेच आणतील असं नाही. वसईत फ्रेमची दुकानं पुष्कळ आहेत. जो कोणी मागची टेप सोलेल त्याला ती दिसेल, आणि तोही हसेल.

ताईला मी म्हटलं, "खूप दिवस राहील."